मध्यंतरात उठून आलेला माणूस

मंडळी, एक प्रश्न विचारतो. अवघड नाही, घाबरू नका! एक सिनेमा लागला. साऱ्या जिल्ह्यानं डोक्यावर घेतला. तुमची शेजारीण तीनदा बघून आली आणि तिन्ही वेळा पदर भिजवून आली. तुम्ही गेलात, खुर्चीत बसलात, आणि अर्ध्या तासात तुमच्या ध्यानात आलं की आपल्याला हे काही आवडत नाहीये. बाहेर आल्यावर कुणी विचारलं, "कसा वाटला हो?" काय सांगता?

खरं बोला. मागं देव उभा आहे!

"छान होता" — हेच ना? हसू नका, मावशी, तुमच्याकडंच बघून विचारलं मी! घसा साफ करून आपण म्हणतो, "छान होता, शेवट तर फारच छान." शेवटाला तर झोप लागलेली होती!

आता माझा प्रश्न पुढचा आहे. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि एकाचेच डोळे कोरडे. सिनेमा साधासुधा नाही, देवाचा. मग तो एकटा काय म्हणायचा? भाव नसलेला? भक्ती नसलेला? का त्या कोरड्या डोळ्यांचंही देवाला काही काम असतं? उत्तर मी देत नाही. उत्तम वाबळे देईल. ऐका!

गव्हाळी नावाचं गाव. चाळीस उंबरा. विठ्ठलाचं मंदिर, आणि मंदिरात दरवर्षी सप्ताह — त्रेपन्न वर्षं झाली, खंड नाही. सात दिवस, सात रात्री वीणा गळ्यातून खाली उतरत नाही. हे तुम्हाला सांगायला नको, पण ही पुढची पोरं-सोरं बसलीत, त्यांना सांगतो. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. वीणा जमिनीला टेकायची नाही. धरणाऱ्यानं बसायचं नाही. टेकली की सप्ताह मोडला! आणि गव्हाळीचा आणखी एक नियम — ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यानंच वीणेला हात लावायचा. बिनमाळेच्यानं लांबून नमस्कार करायचा.

हा सप्ताह सुरू केला धोंडीतात्यांच्या वडिलांनी. तात्यांचं वय आता शहात्तर. गुडघ्यांची कुरकुर, डोळ्याला जाड चष्मा. पोरं म्हणाली, "तात्या, आता पहारा सोडा." तात्या म्हणाले, "एवढं वर्ष धरतो. पुढच्या वर्षी खुर्चीत बसून ऐकीन." म्हणजे ध्यानात घ्या — हे तात्यांचं शेवटचं वर्ष. त्रेपन्न वर्षांत वीणा कधी टेकली नाही, ती आपल्या शेवटच्या वर्षी आपल्या हातून टेकू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि त्याच वर्षी सप्ताहात तालुक्याच्या टॉकीजला तो सिनेमा लागला!

नाव सांगत नाही. सिनेमावाले मला कीर्तनाला बोलावतात, उगाच कशाला! सोनबा नावाच्या एका वीणेकऱ्याची गोष्ट. पूर येतो, गाव वाहून जातं, सोनबा छातीभर पाण्यात वीणा डोक्यावर धरून सात दिवस उभा राहतो. शेवटी पांडुरंग येऊन हात धरतो. बक्षिसं मिळाली, पेपरात पानं भरून आलं. लोक टॉकीजच्या दारात चपला काढून आत जात होते. सोनबा दिसला की उभे राहत होते. खोटं नाही, मी पाहिलाय. मीही रडलो. मला आवडला बरं का! हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल महाराज सिनेमावर खार खाऊन आहेत.

सप्ताहाचा चौथा दिवस, बुधवार. सरपंच अंकुशरावांनी ठरवलं — सगळ्या गावानं सिनेमा बघायचा. वीणेकऱ्याचा सिनेमा, आणि सप्ताह चालू असताना! याहून चांगला योग कुठला? तीन ट्रॅक्टर, तीन ट्रॉल्या, दुपारी बाराचा शो. गावात मागं राहिलं कोण? अंथरुणावर खिळलेली माणसं, आणि दावणीची गुरं.

आणि मंदिरात धोंडीतात्या. बारा ते दोन पहारा त्यांचा. आधीचा पहारेकरी बाराला वीणा त्यांच्या गळ्यात देऊन मोटारसायकलनं मागनं जाणार.

"तात्या, एकटं राहाल ना?" अंकुशरावांनी विचारलं.

"एकटा कुठला? हा आहे की," असं म्हणून तात्यांनी गाभाऱ्याकडं मान केली.

दोन ते चार पहारा होता नरहरी खोमणेचा. नरहरी म्हणाला, "तात्या, दोनच्या ठोक्याला हजर होतो. मध्यंतर झालं की जीपनं निघतो. पुढचं काय, शेवट ठाऊकच हाय — देव येतो!"

बघा, किती सरळ हिशेब. पण मंडळी, आपण घरातून निघताना जेवढे शहाणे असतो, तेवढे खुर्चीत बसल्यावर राहतो का?

आता आपला उत्तम. उत्तम वाबळे. मोटारी भरायचा धंदा — विहिरीवरच्या जळक्या मोटारी उघडून त्यात तांब्याची तार नव्यानं भरायची. एका खाचेत बेचाळीस वेढे म्हणजे बेचाळीस. एक्केचाळीस झाले की मोटार पंधरा दिवसांत परत दारात. त्यामुळं सवय अशी की काहीही दिसलं, आधी त्यातली तार दिसते. गळ्यात माळ नाही. रविवारी मटण, खिशात तंबाखूची पुडी. सप्ताहाला वर्गणी देणार, मंडपाची लाईट फुकट जोडून देणार, पण वीणा? लांबून नमस्कार.

त्याची बायको कौसल्या. तिनं त्याला ओढून ट्रॉलीत बसवलं. "आवो, देवाचा सिनेमा हाय. जरा डोळ्यांत पाणी येऊ द्या. आटून गेलाय तुम्ही!"

सिनेमा सुरू झाला. बारा वीसला — आधी जाहिराती. सोनबा आला. सगळं टॉकीज उभं! उत्तमही उभा राहिला. सोनबानं वीणा छेडली, काय गोड सूर! बायकांनी पदर डोळ्याला लावले. आणि उत्तम पुढं वाकला. डोळे बारीक केले. परत मागं टेकला. परत वाकला.

"काय झालं?" कौसल्या.

"तार नाही."

"कुणाची तार?"

"वीणेला तार नाही. चार पाहिजेत. एकबी नाही. नुसता दांडा आणि भोपळा! आणि वाजतंय बघ!"

"गप बसा! देव दिसतोय तिथं."

"देव दिसतोय गं. तार दिसत नाही."

विठ्ठल! विठ्ठल! मंडळी, एकदा का असं काही डोळ्यांत गेलं की संपलं. लग्नाच्या पंगतीत समोरच्याच्या मिशीला शीत चिकटलेलं दिसावं तसं! तो काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, शीतच दिसतं. उत्तमचं तेच. सोनबा रडतोय — तार नाही. सोनबाची आई गेली — तार नाही. तीन दिवस पावसात चालून आला, धोतराची घडी जशीच्या तशी! उत्तम म्हणाला, "ह्याचा धोबी तरी चांगला हाय."

पुढच्या खुर्चीतला मारुती फडतरे वळला. "ए वाबळे! ह्याला कुणीतरी जळकी मोटार दाखवा रे, तवा रडंल हे!"

सगळी रांग हसली. कौसल्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तम बसला. त्यानं प्रयत्न केला हो! मला स्वतः सांगितलं त्यानं — "महाराज, मी आई गेली त्ये आठवून बघितलं. तरी येईना. आईची आठवण आली, पण सिनेमा काय आवडंना."

बघा कसा माणूस आहे! आपण काय केलं असतं? डोळे चोळून लाल केले असते. शेजारी बायको आहे, मागं गाव आहे. चार थेंब उसने आणायला काय लागतं? पण ह्याला ते जमेना.

मध्यंतर झालं. एक पंचेचाळीस. उत्तम उठला. कौसल्येला म्हणाला, "मी घरी जातो. शिंद्यांची मोटार उघडी पडलीय."

"सिनेमा टाकून?"

"नाही आवडला मला."

तीन शब्द! कौसल्येचं तोंड उतरलं. मारुती फडतरे भजी खात म्हणाला, "जाऊ द्या वैनी. भक्ती समद्यांच्या नशिबात नसती."

उत्तम गेला. आणि त्याच वेळी बाल्कनीत नरहरी खोमणे घड्याळ बघत उभा होता. पाऊल जिन्याकडं. तेवढ्यात अंकुशराव म्हणाले, "अरे, खरा पूर तर आता हाय! वीणेचा प्रसंग आता हाय!" नरहरी थांबला. म्हणाला, "तेवढा बघतो, लगेच निघतो." मंडळी, पाप करायचं त्याच्या मनात नव्हतं. वीणेचाच प्रसंग बघायला थांबला तो. वीणेकरी होता ना!

आता उत्तम स्टँडवर. एक जीप उभी. ड्रायव्हर म्हणाला, "अकरा शिटा झाल्याशिवाय हलत नाही." दहा झालेल्या! अकरावा येईना. उत्तमनं चहा घेतला, तंबाखू मळली. शेवटी एक म्हातारी आली, बरोबर शेळी. ड्रायव्हर म्हणाला, "शेळी अकरावी, म्हातारी बारावी, चला!" गव्हाळीच्या फाट्याला उत्तम उतरला तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी.

फाट्यापासून गाव एक किलोमीटर. भर ऊन. मंदिराच्या कळसावर कर्णा आहे, वीणेकऱ्याचं भजन फाट्यापर्यंत ऐकू येतं. उत्तम चालायला लागला आणि चार पावलांवर थांबला.

आवाज तात्यांचा होता. पण चाल बिघडलेली. "रामकृष्ण..." — मग काहीच नाही. मग घाईनं "हरी." मग वीणेची एक तार, दुसरी नाही. मग नुसती धाप.

तुम्हाला मला काय कळलं असतं? म्हातारा माणूस, भजन म्हणतोय, चाललंय. पण मोटार चालू असताना बांधावर उभं राहून नुसत्या घुरघुरीवरनं हा माणूस सांगतो — एक फेज गेलाय, दोनवर ओढतीय, दहा मिनिटांत जळणार! त्याच्या कानानं जे धरलं ते कानातच राहिलं नाही, पायात उतरलं. पळाला! पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, टाचेला भेग — पळाला! चप्पल सुटली ती तिथंच!

मंदिरात आला. खांबाला टेकलं की डोळा लागून घसरू, या भीतीनं तात्या मंडपाच्या मधोमध उभे. चेहरा पांढरा. गुडघे थरथरतायत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय, वर करायला हात मोकळा नाही! मोबाईल पिशवीत, पिशवी खुंटीला, दोन्ही हात वीणेला. कुणाला हाक मारणार? जवळजवळ तीन तास उभे होते.

"तात्या! पहारा कुणाचा?"

तात्यांनी डोळे उघडले. "नर... हरी. आला का?"

"नाही आला. ट्रॉल्या यायला चार वाजून जातील."

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे खरं पाणी बरं का! म्हणाले, "उत्तम, लेका... टेकतीय रे आता. माझ्या हातून टेकतीय."

उत्तमचे हात पुढं गेले. वीणा घ्यायला! आणि तसेच थांबले. गळ्यात माळ नाही. सकाळीच तंबाखू, आत्ता तंबाखू, तोंडात अजून चव.

"तात्या, मी कसा धरू? मी माळकरी नाही."

"मग हो... माझी माळ घे."

"आत्ता लगेच? रविवारी मेव्हणा यायचाय हो..."

हसताय? हसा! पण त्याचा खरेपणा बघा! ज्या माणसाला सिनेमात खोटं रडता आलं नाही, त्याला देवाच्या दारात खोटी माळ घालता येईना. घाबरून, गडबडीत, रविवारी काढून ठेवायची माळ त्याला नको होती. इकडं तात्यांचे गुडघे वाकायला लागले. एक इंच. दोन इंच. वीणेचा भोपळा खाली, खाली...

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? नियम मोडला असता? का नियम पाळून बघत राहिला असता?

उत्तम तात्यांच्या मागं गेला. पाठ फिरवली. आपली पाठ तात्यांच्या पाठीला लावली, पाय रोवले, थोडा पुढं झुकला आणि तात्यांचा सगळा भार पाठीवर घेतला! ज्या पाठीनं वीस वर्षं विहिरीतनं मोटारी वर आणल्या, तिच्यावर एक म्हातारा किती जड?

"टेका तात्या. खुशाल टेका. पायावर भार घेऊ नका. नुसतं वाजवा."

"वीणेला हात लागंल रे तुझा..."

"माझे हात इकडं हायेत, माझ्या गुडघ्यावर. तुम्ही वाजवा!"

विठ्ठल! विठ्ठल!

तात्यांनी अंग सोडलं. आणि एक श्वास घेतला — पोटापासून. उत्तम सांगतो, "महाराज, तो श्वास माझ्या पाठीला लागला. बंद मोटार चालू झाल्यावर पहिलं पाणी येतं ना पाइपात, तसं!" मग सूर लागला. "रामकृष्णहरी." तिन्ही शब्द एका दमात!

दम कमी पडला की उत्तम मागनं म्हणायचा. गळा कसा? मोटारीचा माणूस, गळ्याला काय तेल देणार! पण म्हणायचा. एक तास दहा मिनिटं. घामानं दोघांचे सदरे एक झाले.

आता टॉकीजकडं चला. सिनेमा संपला. सोनबाच्या हाताला देवाचा हात लागला. टाळ्या! हुंदके! नरहरी उभा राहून टाळ्या वाजवतोय. वाजवता वाजवता मनगटावर नजर गेली. साडेतीन.

टाळी हवेतच राहिली.

"अंकुशराव... माझा पहारा होता. दोनचा."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या बाल्कनीनं ऐकला. रडं थांबलं. जिन्यावरनं पळापळ! ट्रॉल्या भरल्या. जाताना जी माणसं भजन म्हणत गेली, ती येताना गप्प. कौसल्या सांगते, "महाराज, चौदा किलोमीटर कुणी शिंकलंसुद्धा नाही." कारण हिशेब प्रत्येकाला येत होता. बारापासून चारपर्यंत. शहात्तर वर्षांचा माणूस. एकटा. दोन ट्रॉल्या माळकऱ्यांनी भरलेल्या, आणि एकालाही आठवण झाली नाही. सात दिवस उभ्या राहिलेल्या सोनबासाठी रडत बसले, आणि आपला तात्या उभा होता तो विसरले!

फाटा आला. ड्रायव्हरनं आपण होऊन इंजिन बंद केलं. मागच्या दोघांनीही केलं. ऐकायचं होतं, आणि ऐकायची भीतीही होती.

वारा. एक टिटवी. आणि मग कर्ण्यातून —

"रामकृष्णहरी... रामकृष्णहरी..."

तात्या! तात्यांचा आवाज! आणि वीणा! वीणा चालू होती हो! कुणी हात जोडले, कुणी डोकं ट्रॉलीच्या फळीला टेकलं. नरहरी तर खाली रस्त्यावरच बसला, आणि जे रडला! टॉकीजमधलं सगळं रडणं एकत्र केलं तरी त्याला सर येणार नाही. छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणूस कसा रडतो, ते रडणं!

मग मारुती फडतरे म्हणाला, "पण तात्याच्या मागनं बेसूर कोण वरडतंय?"

कौसल्येनं कान दिला. "अगं बाई! आवो, हे तर आमचं!"

मंदिरात शिरले तर हे दृश्य — पुढं तात्या, डोळे मिटलेले, वीणा छातीशी. मागं उत्तम, पाठीला पाठ, लाल झालेला, हात गुडघ्यावर. नरहरी पळत आला, दोघांच्या पाया पडला, माळ सावरली आणि वीणा गळ्यात घेतली. चार वाजून दहा मिनिटं. वीणा टेकली नाही! तात्यांना चौघांनी अलगद खाली बसवलं, साखरपाणी दिलं. सरपंचाच्या बायकोनं पाय दाबायला घेतले.

आणि समितीतल्या एकाला तेवढ्यात नियम आठवला! असतोच हो असा एक, प्रत्येक गावात. म्हणाला, "उत्तम, माळ नसताना तू वीणा धरलीस?"

उत्तम पाठ चोळत म्हणाला, "वीणेला बोट लावलं नाही मी. तात्याला धरलं. माणूस धरायला माळ लागती का?"

अंकुशरावांनी त्या समितीवाल्याकडं असं बघितलं की तो टाळ शोधायला निघून गेला.

तात्यांनी पाणी पिऊन विचारलं, "कसा होता रे सिनेमा?"

तीन ट्रॉल्या माणसं. एकाचं तोंड उघडेना. शेवटी तात्याच उत्तमकडं वळले. "तू अर्ध्यातनं आलास का रे? कोणी सांगितलं होतं?"

आता इथं उत्तमला संधी होती. म्हणता आलं असतं — देवानं हाक दिली, मनात आलं, जीव राहवेना. गावानं खांद्यावर घेतला असता! पण तो म्हणाला, "कुणी नाही तात्या. मला सिनेमा आवडला नाही, म्हणून आलो."

तात्या हसले. दोन तास मरणाच्या दारात उभा राहिलेला म्हातारा पोट धरून हसला. म्हणाले, "बरं झालं बाबा. तुलाबी आवडला असता, तर मी मेलो असतो!"

आणि मग सगळं मंदिर हसलं. मारुती फडतरे सगळ्यांत मोठ्यानं, आणि हसता हसता जाऊन उत्तमच्या पाठीला तेल लावायला बसला. कौसल्या लांबून बघत होती. मी तिला विचारलं, "बाई, तेव्हा मनात काय आलं?" ती म्हणाली, "महाराज, लई हलकं वाटलं. मी म्हणत होते माणूस आटलाय. आटला नव्हता. मी पाणी भलतीकडं बघत होते."

मंडळी, सिनेमा वाईट होता का? मुळीच नाही. ज्यांना रडू आलं त्यांनी खुशाल रडावं, मीही रडलो. पण ज्याला आलं नाही, त्याच्या भक्तीचं माप तुम्ही अंधारात, खुर्चीत बसून घेऊ नका. आणि ज्याला आलं नाही त्यानं उसनं आणू नये. खरं बोललेला माणूस मोकळा होतो, उठतो, घरी जातो. आणि घरी कोण कशाच्या भारानं वाकलंय, ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आता मी तुम्हाला सांगतो, रागानं नाही, प्रेमानं. माझं कीर्तनही बऱ्याच लोकांनी डोक्यावर घेतलंय. तरी या मंडपात कुणाला तरी ते आवडत नसेल. असणारच! लोक काय म्हणतील म्हणून तो माना डोलावत बसलाय. त्यानं उठावं. आत्ता उठावं. मी वाईट वाटून घेणार नाही. या कनातीच्या मागं तुमच्या घरच्या बाया पहाटेपासून चुलीपुढं उभ्या आहेत, पाचशे माणसांचं रांधतायत. त्यांनी माझा एक शब्द ऐकलेला नाही. कुणाची कंबर आता टेकायला आली असेल, मला इथून दिसत नाही.

हां — ते दोघं उठले बघा! शाबास! जा बाबांनो, सावकाश जा. झारा हातात घ्या, आणि तिला म्हणा, "तू बस जरा. मी आहे."